भनिनिचा जुना प्रोग्राम बंद करण्याआधी

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात वरिष्ठ सहाय्यक आहे. प्राथमिक शिक्षकांच्या भविष्य निर्वाह निधीचा (भनिनि) हिशेब आमच्याकडे 1997 पासून फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधल्या एका प्रोग्रामवर चालतो. तो लिहिणारे साहेब केव्हाच निवृत्त झाले. तो चालेल असा संगणकही एकच उरलाय. आता नवी ऑनलाइन प्रणाली येतेय. एजन्सीची मुलं म्हणतात, 31 मार्चची अखेरची शिल्लक तेवढी द्या, मागचं काही लागत नाही. फाइल दुसरीकडे उघडली तर नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. माहिती बरोबर असल्याची सही मला करायची आहे. रात्री झोप लागत नाही. काय करू?
– एक वाचक भगिनी, मराठवाडा

उत्तर : ताई, इतक्यात सही करू नका. असे प्रोग्राम मी स्वतः लिहिलेत आणि बदललेतही, म्हणून ठामपणे सांगतो.

नुसत्या शिल्लकेवर काम भागत नाही. 2003 साली आम्ही एका कार्यालयात हीच चूक केली होती. पुढे सहा वर्षांनी एक मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या. 1999 मध्ये त्यांची तालुकाबदली झाली तेव्हाच्या चार महिन्यांच्या वर्गण्या खात्यावर आल्याच नव्हत्या. कपात झाल्याच्या पगारस्लिपा त्यांच्याकडे होत्या, आमच्याकडे मात्र महिनावार नोंदच उरली नव्हती. दोन तालुक्यांचे गठ्ठे उपसायला सात महिने गेले. बाई दर सोमवारी यायच्या, त्या स्लिपा रुमालात बांधून. त्या वर्षी भनिनिवर 12 टक्के व्याज होतं, म्हणजे चार महिन्यांची रक्कमही दहा वर्षांत लहान राहत नाही.

तुमच्याकडे तर हे जास्तच लागू आहे. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेले बहुतेक कर्मचारी अंशदायी पेन्शनमध्ये गेले, त्यांचं भनिनि खातं नसतं. तुमच्या प्रोग्राममध्ये उरलेत ते जुने शिक्षक, म्हणजे जवळजवळ प्रत्येक खातं आता अंतिम प्रदानाच्या, म्हणजे निवृत्तीला सगळी रक्कम देण्याच्या वाटेवर आहे. गहाळ वर्गण्या नेमक्या तेव्हाच निघतात. म्हणून महिनावार वर्गणी, परतावा आणि ना-परतावा अग्रिम (खात्यातून घेतलेली, परत भरायची आणि न भरायची उचल), सगळं नव्या प्रणालीत गेलंच पाहिजे. एजन्सीला हे तोंडी सांगू नका, टिपणी ठेवून तुमच्या वरिष्ठांची सही घ्या.

आता फाइलींचं. त्या संगणकावरचा पूर्ण फोल्डर दोन ठिकाणी उतरवून घ्या, एक प्रत कार्यालयाबाहेर ठेवा. फॉक्सप्रोच्या डीबीएफ (माहिती साठवणाऱ्या) फाइली लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, त्यामुळे माहिती अडकलेली नाही. एक मात्र लक्षात असू द्या. फॉक्सप्रोत ओळ खोडली तरी ती लगेच जात नाही, तिच्यापुढे नुसती खूण लागते. फाइल ‘पॅक’ करेपर्यंत, म्हणजे खोडलेल्या ओळी कायमच्या काढण्याची आज्ञा देईपर्यंत, ती आतच असते. एजन्सीच्या साधनाने ती खूण पाहिली नाही, तर खोडलेल्या वर्गण्या पुन्हा जमा दिसतील. आधी ओळींची संख्या दोन्हीकडे जुळवा.

नावांची चिन्हं झाली म्हणून घाबरू नका. ती नावं बहुधा जुन्या फॉन्टमध्ये आहेत, युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात नाहीत. त्या फॉन्टमध्ये जसं दिसतं तसं टंकलं जायचं, पहिली वेलांटी आधी, अक्षर मागून. युनिकोडमध्ये अक्षर आधी साठतं, वेलांटी नंतर. रफाराचं उलट असतं, जुन्या फॉन्टमध्ये तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये अक्षराआधी. म्हणून एजन्सीला ‘शिर्के’ आणि ‘कऱ्हाडे’ ही दोन आडनावं बदलून दाखवायला सांगा. पहिल्यात वेलांटी आणि रफार दोन्ही आहेत, दुसऱ्यात तो आडवा र. ही दोन बिनचूक आली तर पुढचं बोला. नाव चुकलं की ते सेवापुस्तकाशी जुळत नाही, आणि बिल आक्षेपासह परत येतं. हेलपाटे त्या शिक्षकाला पडतात.

सगळ्यात जपायचं ते व्याजाचं गणित. दर कितीदा तरी बदललाय, आणि काही वेळा वर्षाच्या मध्येच. 2011-12 मध्ये नोव्हेंबरपर्यंत 8 टक्के होता, डिसेंबरपासून 8.6. 2019-20 मध्ये पहिली तिमाही 8, पुढे 7.9. एप्रिल 2020 पासून 7.1. नव्या प्रणालीत वर्षाला एकच दर धरला असेल तर या दोन वर्षांत फरक पडणारच. पन्नासेक खाती निवडा, बदली झालेली आणि अग्रिम घेतलेली मुद्दाम घ्या. या दोन वर्षांचं व्याज दोन्हीकडे काढा आणि रुपयाला रुपया जुळवा. जुळलं नाही तर नवा प्रोग्रामच चुकलाय असं समजू नका, कधीकधी जुनाच चुकलेला निघतो. ते निवृत्त साहेब जवळपास राहत असतील तर मानाने बोलवा, चार दिवस शेजारी बसवा. अमुक अट का घातली, हे त्यांनाच ठाऊक असेल.

शेवटची तपासणी खातेदारांकडून करून घ्या. 2017 मध्ये संगणकीकृत सातबाऱ्यांचं गावोगाव चावडीवाचन झालं, ते याचसाठी. ज्याचं शेत त्याला चूक पटकन दिसते. तुम्हीही केंद्रनिहाय उतारे छापून शाळांत पाठवा, हरकतीला महिना द्या. आणि एका 31 मार्चचा वर्षअखेरचा हिशेब दोन्ही प्रोग्रामवर काढल्याशिवाय जुना संगणक कुणाला हलवू देऊ नका.

फाइलीत फॉन्टचं नाव सापडलं तर मला कळवा. अक्षरबदलाचे काही तक्ते मी जपून ठेवलेत, त्यात तो असेल तर लगेच पाठवतो.