एम-वन राहिला, हे घरी कसं सांगायचं?

“बारावीपर्यंत हुशार होता हो. पुण्याला गेला आणि बिघडला.” इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचे निकाल लागले की हे वाक्य समुपदेशक म्हणून मला दरवर्षी ऐकायला मिळतं. परवा एका आईचा असाच फोन आला. मुलगा सेकंड इयरला आहे. सुट्टीत घरी आला की दार लावून बसतो, निकालाचं विचारलं की अंगावर येतो. त्याच्या मित्राच्या आईकडून कळलं की याचे तीन विषय राहिलेत. घरी मात्र ‘ऑल क्लिअर’ सांगितलं होतं. “आमचा मुलगा खोटारडा नव्हता हो मॅडम. आता काय करू?”

त्यांना उत्तर देताना जी केस आठवली, तीच इथे लिहिते. मुलाला आणि त्याच्या घरच्यांना विचारून लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा लातूर जिल्ह्यातल्या एका गावचा. दहावीनंतर लातूरला राहून अकरावी-बारावी केली. सीईटीला पंच्याण्णवच्या पुढे पर्सेंटाइल, दुसऱ्या कॅप राउंडला (केंद्रीय प्रवेश फेरीला) पुण्याजवळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरला प्रवेश. गावात तेव्हापासून त्याला सगळे ‘इंजिनिअर’च म्हणायला लागले. तो माझ्याकडे आला तो तिसऱ्या सेमिस्टरमध्ये, तेही स्वतःहून नव्हे. रूममेट त्याला जवळजवळ ओढत घेऊन आला. म्हणाला, “मॅडम, ह्याने डबा लावलाय, पण डबा तसाच दाराबाहेर राहतो. संध्याकाळी डबेवाले काका भरलेलाच परत नेतात. रात्रभर मोबाइल, दिवसा झोप. लेक्चरला तर दिवाळीपासून नाही.”

रूममेट बाहेर गेल्यावर मुलगा बराच वेळ गप्प होता. मग एकदम बोलायला लागला. पहिल्या वर्षाचे तीन विषय राहिले होते: एम-वन, एम-टू (हे दोन्ही गणिताचे पेपर) आणि मेकॅनिक्स. घरी पास झाल्याचं सांगितलं होतं. वडिलांनी निकाल पाठवायला सांगितल्यावर त्याने मोबाइलवरच गुण बदलून स्क्रीनशॉट पाठवला. वडिलांनी तो कौतुकाने व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला ठेवला. मामांचे, आत्याचे, लातूरच्या क्लासच्या सरांचेसुद्धा अभिनंदनाचे मेसेज आले. “त्या दिवसापासून मला घरचा फोन आला की पोटात गोळा येतो,” तो म्हणाला.

अशा वेळी मी एक प्रश्न सरळ विचारते, आडवळणाने नाही: “जीव द्यावा, मरून जावं, असं मनात येतं का?” हा प्रश्न विचारला तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी पालकांना आणि कित्येक प्राध्यापकांनाही भीती असते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून बोलता येतं. तो म्हणाला, “मरावं असं नाही, पण सकाळी जागच येऊ नये असं वाटतं.” हे ऐकून सोडून द्यायचं नसतं. काही योजना मनात आहे का, कधी काही करून पाहिलं आहे का, हे विचारलं. तसं काही नव्हतं. तरी त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण झोप आणि भूक दोन्ही कित्येक आठवडे गेलेली होती. त्याला रात्री एकटं ठेवू नका, असं त्याच्याच समोर रूममेटला सांगितलं. इथलं बोलणं बाहेर जात नाही, पण जिवाला धोका दिसला तर घरी कळवावं लागतं, हे मी पहिल्या भेटीतच सांगून ठेवते. त्यालाही सांगितलं होतं. त्यामुळे पुढे घरी बोलायचा विषय निघाला तेव्हा त्याला दगाफटका वाटला नाही.

आता ‘हुशार मुलगा बिघडला कसा’ याबद्दल. लातूर पॅटर्नला, म्हणजे तिथल्या क्लास-टेस्टच्या पद्धतीला, नावं ठेवायची फॅशन आहे. मला त्यात फारसा रस नाही. सामान्य घरातल्या हजारो मुलांना त्याने मेडिकल-इंजिनिअरिंगपर्यंत पोचवलं आहे. पण तिथला दिवस कसा असतो ते पाहा. सकाळचा क्लास, दुपारी अभ्यासिका, दर आठवड्याला टेस्ट, टेस्टचा निकाल थेट वडिलांच्या मोबाइलवर. दोन वर्षं मुलगा कधी उठणार, काय वाचणार, कुठे चुकला, हे सगळं दुसरं कुणीतरी ठरवत होतं. पुण्यात भाड्याच्या खोलीत कॉट बेसिसवर राहायला आल्यावर विचारणारं कुणीच नाही. इन-सेमला, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेला, कमी पडले तरी कुणी घरी फोन करत नाही. सबमिशनच्या आठवड्यात रात्र-रात्र जागून दुसऱ्याच्या फाइलवरून जर्नल उतरवलं की टर्मवर्कचे गुण मिळतात, म्हणून आपलं बरं चाललंय असं वाटतं. एंड-सेमला, सत्राच्या शेवटच्या परीक्षेला, कळतं.

दुसरी गोष्ट पेपरची. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. त्यात चार पर्यायांतून तीन खोडायची सवय लागते, आणि त्या परीक्षेपुरती ती योग्यच असते. विद्यापीठाच्या पेपरात पर्याय नसतात. पायऱ्या लिहाव्या लागतात आणि गुण पायऱ्यांना असतात. या मुलाने निकालानंतर मुदतीत उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली होती, पण पाकीट उघडून पाहिलंही नव्हतं. तसंच घेऊन ये म्हटलं. गणित माझा प्रांत नाही, म्हणून गणिताच्या एका मॅडमना शेजारी बसवलं. एम-वनला ७० पैकी १९ होते. मॅडमनी पानं उलटली आणि म्हणाल्या, “अरे, तुला येतंय की!” मॅट्रिक्सच्या प्रश्नात तिन्ही आयगेन व्हॅल्यू बरोबर होत्या, व्हेक्टर काढलेच नव्हते. पार्शल डिफरन्सिएशनच्या गणितात अधली एकही पायरी नाही, थेट उत्तर, त्याखाली दोन रेघा मारलेल्या. उत्तर बरोबर, गुण एक. एका युनिटवरचा प्रश्न सोडूनच दिला होता, कारण वर्गात ते युनिट शिकवलं तेव्हा हा खोलीवर झोपला होता.

त्या अर्ध्या तासाने माझ्या चार भेटींचं काम केलं. ‘मी ढ आहे’ हे त्याने स्वतःबद्दल पक्कं करून टाकलं होतं. समोरच्या कागदावर मात्र दिसत होतं ते इतकंच: काही येतं, लिहिता येत नाही, आणि एक युनिट वाचलेलंच नाही. यावर काम करता येतं.

घरी सांगायचा भाग सगळ्यांत अवघड, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत जास्त तयारीचा. मुलं हे रात्री अकराला फोनवर रडत सांगतात, आणि तिकडे आई घाबरून दोनशे मैलांवर हातपाय गाळून बसते. म्हणून त्याला आधी एका पानावर लिहून काढायला लावलं: कोणते विषय, किती गुण, पुढची परीक्षा कधी, फॉर्म भरायची शेवटची तारीख, फी किती, आणि नियम काय. त्यांच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाचे विषय राहिले तरी अटींत बसत असेल तर दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पण पहिलं वर्ष पूर्ण सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. म्हणजे विषय अडकले तर वर्ष जाणार, म्हणजेच पोरांच्या भाषेत वायडी (इयर डाउन) लागणार. नियम विद्यापीठागणिक आणि अभ्यासक्रमाच्या पॅटर्नगणिक बदलतात. ते सिनिअरकडून ऐकू नका, परीक्षा विभागात जाऊन विचारा. पालक पहिल्या दोन मिनिटांत हेच विचारतात, आणि मुलाकडे उत्तर नसलं की त्यांना वाटतं याला काही पडलेलीच नाही.

त्याला आणखी एक अट घातली: स्क्रीनशॉटचंही त्याच बैठकीत सांगायचं, स्वतःच्या तोंडाने. विषय आज सांगायचे आणि खोट्या निकालाचं मागाहून, असं चालणार नाही.

आई-वडील दोघंही रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आले. वडिलांची थोडी शेती, थोडं किराणा दुकान. मुलाने कागद हातात धरून सगळं वाचून दाखवलं. मान वर केली नाही. आईने फक्त विचारलं, “जेवतोस का नाही रे?” वडील बराच वेळ कागदाकडेच बघत राहिले. मग मला म्हणाले, “विषयाचं एवढं काय नाही मॅडम. सोयाबीन इकून फी भरलीय, अजून एकदा भरू. पण मग त्या फोटूत काय होतं?”

त्यांना खरी जखम तिथे झाली होती. मी त्यावर घाईने फुंकर घातली नाही. “तुमचा राग बरोबर आहे,” एवढंच म्हटलं. पालकांचा राग लगेच शमवायचा हा समुपदेशकांचा मोह असतो. त्यापेक्षा तो राग मुलासमोर, सभ्य शब्दांत बाहेर पडलेला बरा. पुढचे दोन महिने वडील त्याच्याशी कामापुरतंच बोलत होते. पण फोन रोज करत होते. स्टेटस ज्यांनी पाहिलं त्यांना काय सांगायचं, हा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला: कुणालाच काही सांगितलं नाही. गावाला आपल्या पोराच्या एम-वनशी काही देणंघेणं नाही, असं त्यांनीच मला नंतर ऐकवलं.

अभ्यासाचं नियोजन साधंच होतं. तिन्ही विषय एकदम नाहीत. एम-वन आणि मेकॅनिक्स आधी, एम-टू मागून. रोज एक पूर्ण प्रश्न कोऱ्या कागदावर पायऱ्यांसकट लिहायचा आणि रविवारी गणिताच्या मॅडमना दाखवायचा. व्हिडिओ पाहणं हे अभ्यासात धरायचं नाही, यावर आमची वादावादी झाली. त्याचं म्हणणं होतं की दोनच्या स्पीडने सगळं समजतं. समजत असेलही. पेपर मात्र हाताने लिहायचा असतो. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या औषधांनी झोप सुधारली, आणि मग डबाही दाराबाहेर राहीनासा झाला.

निकाल सिनेमासारखा लागला नाही. एम-वन आणि मेकॅनिक्स सुटले, एम-टू राहिला आणि वायडी लागलीच. आई म्हणाली, वर्षभर घरी ये, पैसे वाचतील. मला ते धोक्याचं वाटत होतं. गावात वर्षभर ‘इंजिनिअर, तू इथं कसा?’ ऐकत बसणं कुणालाही झेपणारं नाही. शेवटी मधला मार्ग निघाला. तो लातूरला मावशीकडे राहिला, एमपीएससीवाल्या मुलांच्या अभ्यासिकेत महिन्याच्या फीवर जागा घेतली, आणि दुपारी ओळखीच्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसू लागला. सकाळी ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जायचं होतं, हे महत्त्वाचं. पुढच्या खेपेला एम-टू सुटला.

आता त्या आईंच्या प्रश्नाकडे. खोटं बोलला, हे खरं आहे आणि ते वाईटच आहे. पण बहुतेक घरांत फोनवर एकच प्रश्न असतो: “ऑल क्लिअर ना?” त्याला हो किंवा नाही एवढीच दोन उत्तरं आहेत, आणि एकोणीस वर्षांचं घाबरलेलं पोर ‘हो’ म्हणतं. त्याऐवजी विषयांची नावं माहीत करून घ्या. या सेमला कोणता पेपर जड वाटतोय, इन-सेमला किती पडले, मेसचं जेवण बरं आहे का, रूमवर कोण कोण आहे, हे विचारा. नातेवाइकांच्या ग्रुपवर निकाल टाकायचा असेल तर आधी मुलाला विचारा. आणि आता कळलंच आहे, तर मित्राच्या आईचं नाव पुढे करून उलटतपासणी घेऊ नका. “विषय राहिलेत हे मला कळलंय, मी तुझ्यावर ओरडायला फोन केलेला नाही, शनिवारी आम्ही दोघं येतोय,” एवढं सांगून खरंच जा.

विषय राहणं हे प्रत्येक वेळी अभ्यासाचंच दुखणं असतं असंही नाही. ऑनलाइन गेम आणि सट्ट्याच्या अॅपमध्ये फीचे पैसे घालवलेली मुलं माझ्याकडे येतात, रॅगिंग सोसणारी येतात. शाखाच नको होती, वडिलांनी घ्यायला लावली, अशीही येतात. त्यातल्या काहींनी इंजिनिअरिंग सोडलं ते योग्यच केलं. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, ‘माझ्यावाचून तुमचं बरं होईल’ अशासारखं बोलत असेल, तर अभ्यासाची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि त्याला एकटं सोडू नका. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिले आहेत. तुमच्या मुलाच्या कॉलेजात तो कुठे बसतो, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारून ठेवा. खोली परीक्षा विभागाच्या रांगेसमोर असेल तर तिथे कुणी पोर जाणार नाही, हेही कॉलेजला सांगायला हरकत नाही.

तो मुलगा आता शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पस प्लेसमेंटला येणाऱ्या बऱ्याच कंपन्यांची अट ‘चालू बॅकलॉग नको’ अशी असते. त्यात तो बसतो. एका वर्षाची गॅप मात्र दिसते आणि ती विचारलीही जाते. त्याचं उत्तर त्याने स्वतः तयार केलंय: “गणितात नापास झालो, वर्ष गेलं, त्या वर्षात कॉम्प्युटर दुरुस्ती शिकलो आणि विषय सोडवला.” पहिल्या कंपनीत अॅप्टिट्यूडला गळाला, दुसरीत तांत्रिक मुलाखतीपर्यंत पोचला. तिसरी पुढच्या महिन्यात येते आहे, आणि त्याआधी डेटाबेसचा पेपर आहे.