आधी जागा लिही

प्रिय मुली,

फोटो मिळाले. अमोनॉइड देखणा आहे, त्यात वाद नाही. गुंडाळलेल्या शंखाच्या या समुद्री जिवाचे वेढे शाबूत आहेत आणि एका बाजूला कप्प्यांच्या सांध्याची शिवणरेषाही दिसते आहे. पण फोटोंखाली तू जे लिहिलं आहेस त्यानं माझी झोप उडाली. हा नमुना तुला मुद गावाच्या वरच्या घसाऱ्यात, उतारावरच्या मोकळ्या दगडांत, सुटा मिळाला. प्रबंधाचे गाईड म्हणतात, दगड तेराव्या थरासारखाच दिसतो आणि त्या थरात आपल्याकडे काहीच नाही, तेव्हा तिथं दाखवून टाक. आणि तू विचारतेस, "इतका फरक पडतो का, सर?"

तेराव्या थरात तो तुला मिळाला नाही, म्हणजे तुझ्या तक्त्यात तो तेराव्या थरात नाही. पत्र इथंच संपायला हरकत नव्हती.

पण फरक पडतो का, असं तू विचारलंस. तू काम कुठं करते आहेस ते जरा आठव. हिमाचलातल्या स्पितीच्या पिन खोऱ्यात, साडेतीन हजार मीटरच्या वर. खाली पर्मियन काळाचा काळा शेल, म्हणजे पापुद्र्यांचा चिखलखडक, त्यावर बोटभर जाडीचा गंजलेला लोहमय पट्टा आणि त्यावर पुढच्या ट्रायासिक काळाची चुनखडी सुरू. सुमारे 25.2 कोटी वर्षांपूर्वी समुद्रातले बहुतेक जीव संपले, त्याची खूण त्या पट्ट्याच्या आसपास आहे. त्या संहारातून जे थोडे अमोनॉइड तगले त्यांची पुढची पिलावळ इतक्या झपाट्यानं बदलत गेली, की हातभर वर सरकलं की जात बदलते. म्हणून तर ट्रायासिकच्या सुरुवातीच्या इंड्युअन आणि ओलेनेकियन या दोन काळांमधली जगाची प्रमाण सीमा कुठं मानायची या चर्चेत मुदचा छेद उमेदवार म्हणून पुढे आला. अशा जागी एक नमुना दोन थर खाली सरकवणं म्हणजे काळाचीच नोंद खोटी करणं. आणि तू विचारतेस, फरक पडतो का!

घसाऱ्यातल्या दगडाला गाव नसतं. वर अख्ख्या ट्रायासिकचा डोंगर उभा आहे, त्याच्याही वर किओटो नावाच्या चुनखडीचे कडे. दर हिवाळ्यात पाणी फटीत गोठतं, दगड सुटतो आणि बर्फाबरोबर खाली येतो. तुझा नमुना त्या उभ्या डोंगरात कुठूनही आलेला असू शकतो. "सारखाच दिसतो" म्हणशील तर राखाडी चुनखडी सगळीच सारखी दिसते. ॲसिडचा थेंब टाकला की सगळीच फसफसते.

मी तुम्हाला वर्गात एकच गोष्ट घोकून घेतली होती. आधी जागा, मग जीवाश्म. हातोडा उचलण्याआधी वही. तुम्ही मागच्या बाकावर माझी नक्कल करायचात, तेही मला ठाऊक आहे.

स्टोलिच्का आठवतो का? आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या मोराव्हियात जन्मलेला, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आलेला तरुण. 1860च्या दशकात तो स्पितीत फिरला तेव्हा ना रस्ता, ना धड नकाशा. त्यानं खडकांना नावं दिली ती गावांची. मुथ, कुलिंग, लिलांग, गिउमल. 1874 मध्ये यारकंदच्या मोहिमेवरून परतताना तो लडाखात वारला, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, आणि लेहला त्याचं दफन झालं. त्यानं ओळखलेल्या कितीतरी प्रजातींची नावं पुढच्यांनी बदलली, पण गावांवरून दिलेली खडकांची नावं आपण आजही वापरतो. त्यानं जागा लिहून ठेवली होती, म्हणून त्याला दुरुस्त तरी करता आलं.

याच्या उलटही घडलं. 1989 मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलंट यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की आपल्याकडचे एक प्राध्यापक वर्षानुवर्षं हिमालयातले म्हणून जे जीवाश्म छापत होते त्यांतले काही मोरोक्कोतल्या एर्फूदच्या विक्रीच्या मालासारखे होते, काही न्यूयॉर्कमधल्या एका ओढ्याकाठच्या प्रसिद्ध नमुन्यांसारखे. त्यांचे सहलेखक देशोदेशीचे नामांकित लोक. नमुना हातात आला, त्यांनी जात ओळखली, सही केली. तो सापडला ती जागा त्यांतल्या कित्येकांनी पाहिलीच नव्हती. त्या भागातल्या जुन्या नोंदी वाचताना आम्ही नंतर कित्येक वर्षं चाचपडत होतो, कुठली धरायची आणि कुठली सोडायची. तुझे गाईड तसले नाहीत, मी त्यांना ओळखतो. घाईत आहेत, एवढंच. पण "दाखवून टाक" ही दोन्हीकडची भाषा एकच आहे, आणि म्हणून मला भीती वाटते.

आता माझं. तुला कुणीतरी सांगितलंच असेल, तेव्हा माझ्याकडूनही ऐक. ज्यांनी मला हातोडा धरायला शिकवला त्या सरांनी एकदा माझ्यापुढे खोकं ठेवलं. आत स्पिती शेलचे करडे गोटे, दोन फाका झालेले. एका फाकेत काळाभोर अमोनाइट, अमोनॉइडांपैकीच एक, दुसऱ्या फाकेत त्याचा हुबेहूब ठसा, फटीत सोनेरी माक्षिकाची चमक. इतका सुंदर संग्रह मी पुन्हा पाहिला नाही. परदेशातले तज्ज्ञ लिहायला तयार होते, माझं नाव दुसरं येणार होतं. खोक्यातल्या चिठ्ठीवर एकच शब्द होता, 'स्पिती'. मी विचारलं, कुठला नाला, शेलच्या तळाचे की माथ्याचे? सर म्हणाले, तुला काय करायचंय? मी नाव काढून घेतलं. लेख छापून आला. माझी बढती अडली ती अडलीच, आणि सर माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. ते गेले तेव्हा मी दारापर्यंत जाऊन परत आलो.

लोक म्हणतात हेकट. माझ्या नावावर लेख कमी आहेत, हेही म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण जेवढे आहेत त्यांतला कुठलाही उचल, पानावरची जागा वाच आणि स्पितीत जा. तो थर तुला तिथं सापडेल. हे मी फुशारकीनं लिहितो आहे असं वाटलं तर वाटू दे. सरांशी जे तुटलं ते मात्र अजून सलतं. निर्णय तोच घेतला असता, पण निदान घरी जाऊन भांडायला हवं होतं.

असो. तुझ्या नमुन्याचं काय करायचं ते सांगतो.

वहीत लिही, 'सुटा'. उंची, अक्षांश-रेखांश, उताराची दिशा, दगडाचा आकार, कडा झिजल्यात की धारदार आहेत. धारदार असतील तर फार लांबून आलेला नाही. मग त्याच रेषेत उतार चढत जा आणि तसाच दगड थरात रुतलेला मिळतो का बघ. खालून मोजायला लाग, त्या गंजलेल्या पट्ट्यापासून, दीड मीटरची काठी थरांना काटकोनात धरून. मध्ये घडी पडून थर उलटे झालेत का तेही तपास. हिमालय आहे, आपला सह्याद्रीचा आडवा कातळ नव्हे. प्रत्येक थराचा तुकडा घेताना वरच्या बाजूला बाण काढ. नमुन्यावर नंबर, पुडीत चिठ्ठी, पुडीवर पुन्हा नंबर. संध्याकाळी मुक्कामावर आठवून लिहिलेली नोंद मी मानत नाही, हे तुला माहीत आहे.

अमोनॉइडला चिकटलेला चुनखडीचा तुकडा तोडून पातळ ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळव. चुनखडी जाईल, कोनोडोंट राहतील, कारण ते फॉस्फेटचे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे ते दातांसारखे अवशेष नशिबानं मिळाले, तर दगडाचा काळ बराच बांधता येईल. तरीसुद्धा तक्त्यात तो 'सुटा'च राहील. काळ कळला म्हणून थर कळत नाही. आधी जागा!

आणि स्पितीतल्या लांगझा गावच्या मुलांकडून घेतलेले ते दोन अमोनाइट पेटीत आहेत ना? ते टेबलावर ठेव, प्रबंधात नाही. मुलांना दोष देत नाही, पर्यटक मागतात म्हणून ती विकतात. आपल्या देवघरात गंडकीचा शाळिग्राम असतो, तोही स्पिती शेलच्याच पट्ट्यातला अमोनाइट. पण देवाला कुणी थर विचारत नाही. तुला परीक्षक विचारणार.

गाईडशी बोलताना माझं नाव घेऊ नकोस. घेतलंस की विषय थराचा राहणार नाही, माझा होईल. वहीचं पान उघडून ठेव, 'सुटा' लिहिलेलं दाखव आणि विचार, तक्त्यात वेगळं कसं दाखवू? चिडले तर चिडू देत. प्रबंध पुढे गेला तर जाऊ दे. तेरावा थर रिकामा राहिला तर रिकामा छाप. शिष्यवृत्ती संपत असेल तर आजच कळव. बर्फ पडून वाटा बंद व्हायच्या आत, सप्टेंबरात एक फेरी होऊ शकते, खर्चाचं मी बघतो. गुडघ्यांमुळे मला वर येता येणार नाही, पण खाली काझा गावापर्यंत येईन.

तुझा,
सर