सोलो राहू दे, आधी गाणाऱ्याच्या मागे वाजव

अगं, तुझा मेसेज वाचला आणि व्हिडिओ पण बघितला, बोटं मस्त पळतात तुझी. पण त्या अख्ख्या व्हिडिओत कुणी गात नाहीये. सेशन गिटारिस्ट व्हायचंय म्हणतेस ना, मग दुसऱ्याचं गाणं उभं करायचंय तुला, आणि ते शिकायचं तर कॉर्नेल डुप्री या गिटारवाल्याला ऐक, बाकीचे नंतर.

हा टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा, जन्म १९४२चा. सॅक्सोफोनवाल्या किंग कर्टिसच्या बँडमधून न्यूयॉर्कला आला आणि अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डिंगमध्ये रुळला. १९६६मध्ये जिमी हेंड्रिक्स थोडे दिवस त्याच बँडमध्ये होता, म्हणजे दोघं शेजारीशेजारी वाजवत होते! हेंड्रिक्स जगाला माहीत झाला, डुप्रीचं नाव गिटारवाले सोडले तर फारसं कुणी घेत नाही, पण गायिका अरेथा फ्रँकलिनची १९७१ची, फिलमोर वेस्ट या हॉलमधली लाइव्ह रेकॉर्ड ज्यांनी ज्यांनी ऐकली त्यांनी याला ऐकलंच आहे.

आज रात्री हेडफोन लावून ब्रूक बेंटनचं 'रेनी नाइट इन जॉर्जिया' ऐक, १९७०चं. गाण्याचे शब्द सोड, फक्त डुप्रीच्या गिटारकडे कान दे. बेंटनची ओळ संपली की गिटार दोन शब्द बोलते आणि त्याने पुढची ओळ उचलायच्या आत बाजूला होते, कुठेही त्याच्या आवाजावर चढत नाही. मला तर वाटतं अख्खं करिअर त्या मोकळ्या जागांमध्ये आहे.

आता हातात घे. ई कॉर्ड, तिसरी आणि पहिली तार एकदम, मधली दुसरी वाजूच द्यायची नाही. तिसरी पिकने, पहिली मधल्या बोटाने. दोन्ही तारांवर चौथा फ्रेट, तिथून घसरत दोन्हीवर दुसरा, मग तिसरीवर पहिला आणि पहिली तार मोकळी. अशा दोन सुरांच्या जोड्यांना सिक्स्थ म्हणतात, डुप्रीच्या फिलमध्ये, म्हणजे ओळींमधल्या मोकळ्या जागेत तो वाजवतो त्या तुकड्यांमध्ये, हे सारखे येतात. मेट्रोनोम ६०वर ठेव आणि बीटच्या पुढे पळू नकोस, केसभर मागे राहिलीस तरी चालेल. बोअर होईल, तरी कर.

मग स्टफ या बँडची १९७६ची पहिली रेकॉर्ड ऐक. डुप्री आणि एरिक गेल दोघंही गिटारवर, वर दोन ड्रमर, आणि तरी गर्दी वाटत नाही कारण एकाने ठेका धरला की दुसरा त्यात पाय घालत नाही.

जॅझ की फिल्मी, हा तुझा प्रश्न मला पटतच नाही. आपल्या गोव्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट मुंबईच्या ताजमध्ये जॅझ वाजवायचा आणि सी. रामचंद्रांच्या फिल्मी गाण्यांसाठीही काम करायचा. काम येईल ते घे. फक्त कॉर्ड चार्ट बघून लगेच वाजवता आला पाहिजे, आणि गायिका ऐनवेळी म्हणाली की अर्धा सूर खाली घ्या तर तोंड वाकडं न करता घेता आलं पाहिजे. वेळेच्या आधी पोच, नव्या तारा लावून पोच, केबलची खरखर घरीच तपासून घे. हे कुणी क्लासमध्ये शिकवत नाही आणि पुढच्या वेळी फोन येतो तो यावरच.

पुढचा व्हिडिओ पाठवशील तेव्हा कुणाला तरी गायला बसव, मैत्रीण, आई, कुणीही चालेल. सोलो नको. आवाज वर ठेव, गिटार खाली.