वाट विसरणारा उंदीर आणि न घाबरणारा उंदीर

प्रश्न : हिप्पोकॅम्पसला इजा केल्यावर उंदीर वाट विसरतात, असे एका ठिकाणी वाचले, दुसरीकडे, ते कमी घाबरतात असे दिले होते. नेमके काय खरे? आणि प्रयोगात हे दोन परिणाम वेगळे कसे काढतात?
– औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : दोन्ही खरे, इजा कुठे केली त्यावर अवलंबून. उंदराचा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग) केळ्यासारखा वाकलेला असतो. वरच्या (डॉर्सल) टोकाकडे जागेची नेमकी माहिती पोहोचते. खालचे (व्हेंट्रल) टोक अमिग्डाला (भीतीशी निगडित केंद्र) आणि हायपोथॅलॅमस (ताणाला शरीराचा प्रतिसाद चालवणारा भाग) यांच्याशी जोडलेले असते. वरच्या भागाला इजा झाली की मॉरिस यांच्या पाण्याच्या हौदात, म्हणजे पाण्याखाली लपवलेला चौथरा शोधण्याच्या चाचणीत, उंदीर भरकटतो. खालच्या भागाला इजा झाली तर वाट बहुधा शाबूत राहते, पण उंच अधिक-चिन्ही मार्गिकेच्या (चिंता मोजण्याची + आकाराची मार्गिका) उघड्या, म्हणजे बिनभिंतीच्या, बाहूंवर तो जास्त वेळा जातो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात हा निर्भयपणा शेजारच्या अमिग्डालाला इजा करून मिळाला नाही, हे विशेष.

हौद साधारण पावणेदोन ते दोन मीटर व्यासाचा, पाणी पंचविशीच्या आसपास अंश सेल्सिअस, चौथरा पृष्ठभागाखाली १-२ सेंमी. पांढऱ्या उंदरांसाठी पाण्यात बिनविषारी काळा रंग घाला, नाहीतर कॅमेऱ्याला प्राणीच दिसत नाही. रोज चार फेऱ्या, पाचेक दिवस. मग चौथरा काढून ६० सेकंदांची चाचणी. चौथरा होता त्या चतुर्थांशात १५ सेकंद म्हणजे निव्वळ योगायोग.

घोळ इथेच होतो. घाबरलेला उंदीर भिंतीला चिकटून पोहत राहतो आणि आकड्यांत तो विसराळू ठरतो. म्हणून भिंतीलगतचा वेळ वेगळा मोजा, आणि झेंडा लावलेला दिसणारा चौथरा देऊन पाहा. तोही सापडत नसेल, तर दोष स्मृतीचा समजू नका.

अधिक-चिन्ही मार्गिकेत बाहू ५० सेंमी लांब, १० सेंमी रुंद, जमिनीपासून ५० सेंमी उंच. दोन बाहूंना भिंती, वेळ पाच मिनिटे. उघड्या बाहूंवरचा वेळ वाढला म्हणून लगेच 'चिंता घटली' लिहू नका. हिप्पोकॅम्पसला इजा झालेले उंदीर मुळातच जास्त धावपळ करू शकतात, तेव्हा बंद बाहूंतल्या फेऱ्याही मोजा. त्याही तेवढ्याच वाढल्या असतील तर ती नुसती चंचलता. ही चाचणी हौदाच्या आधी घ्या, कारण पोहण्याचा ताण मागे उरतो. त्याच उंदरावर ती पुन्हा घेण्यात फारसा अर्थ नाही. दुसऱ्या खेपेला तो उघड्या बाहूंकडे कमीच वळतो. दोन उंदरांच्या मध्ये मार्गिका अल्कोहोलने पुसा, अन्यथा आधीच्याचा वास निकाल ठरवतो.

इजा विजेने जाळून करू नका, त्यात तिथून नुसते पुढे जाणारे मज्जातंतूही तुटतात. आयबोटेनिक आम्ल टोचल्यास मुख्यत्वे तिथल्याच पेशी मरतात. शेवटी मेंदूचे काप रंगवून इजा तपासाच. वरच्या टोकाकडे हिप्पोकॅम्पसचा साधारण चतुर्थांश भाग वाचला, तरी उंदीर हौद शिकू शकतो आणि एखादे औषध तपासत असाल तर तुम्ही त्यालाच श्रेय देऊन बसता. यातले काहीही करण्याआधी संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी लागते.