वाकडा कळस आणि चॅन्सेलचा खर्च

चेस्टरफिल्डवरून जाताना रेल्वेतून तिथल्या सेंट मेरी अँड ऑल सेंट्स चर्चचा कळस पिळवटलेला दिसतो. कधी भूकंप झाला होता का? (इंग्लंडमधल्या शेफील्डहून)

भूकंप नाही. तिथले लोक सैतानाचं नाव घेतात: जवळच्या बोल्सोव्हरच्या लोहाराने सैतानाच्या पायाला नाल ठोकताना खिळा चुकीचा मारला, सैतान कळवळून उडाला आणि जाताजाता त्याची लाथ कळसाला लागली. खरा मामला सुतारकामाचा आहे. चौदाव्या शतकातला हा कळस जमिनीपासून 228 फूट उंच. आत ओकच्या लाकडाचा सांगाडा, वर शिशाचे पत्रे. तो सुमारे 45 अंश पिळला आहे आणि टोक मध्यापासून साडेनऊ फूट सरकलं आहे.

दोष नेहमी ओल्या लाकडाला दिला जातो. मला ते अर्धवट वाटतं. त्या काळी सगळेच सुतार ओला ओक वापरत, कारण वाळलेला ओक पटाशीला दाद देत नाही. पण ओलं लाकूड आकसताना सांगाडा जागेवर धरायला तिरपे आधार लागतात, आणि इथे ते पुरेसे नाहीत. 1348-49 च्या प्लेगात जाणते कारागीर गेले, म्हणून ही चूक राहिली, असं एक मत आहे. त्यात डोक्यावर सुमारे 33 टन शिसं. उन्हाने दक्षिणेची बाजू जास्त प्रसरण पावते, उत्तरेची तेवढी नाही. एक मात्र खालून नीट पाहा: पत्रे उलटसुलट तिरप्या पट्ट्यांत बसवले आहेत, त्यामुळे पीळ आहे त्याहून जास्त भासतो.

आमच्या गावच्या चर्चला एक कमान गोल, बाकीच्या टोकदार. खिडक्या तीन तऱ्हेच्या. मग बांधकाम कोणत्या काळातलं म्हणायचं?

सगळ्याच. पॅरिश चर्च, म्हणजे गावचं चर्च, एका दमात क्वचितच बांधलं गेलं. पैसे आले की भिंत पाडायची, बाजूला खांबांची ओळ वाढवायची. 1817 मध्ये वास्तुअभ्यासक टॉमस रिकमनने केलेली वर्गवारी आजही चालते. गोल कमान आणि जाड भिंत म्हणजे नॉर्मन, बहुधा बाराव्या शतकातली. अरुंद, उंच, टोकदार खिडक्या तेराव्या शतकातल्या. वळणदार दगडी जाळी चौदाव्याच्या पूर्वार्धातली. उभ्या सरळ पट्ट्यांच्या मोठ्या खिडक्या त्यानंतरच्या. दगडाच्या कडा फारच धारदार असतील तर एकोणिसाव्या शतकातल्या व्हिक्टोरियन दुरुस्तीचा संशय घ्या. मनोऱ्याच्या पूर्वेकडच्या भिंतीवर उलट्या 'व्ही'सारखी रेघ दिसते का बघा. ती जुन्या, जास्त उताराच्या छपराची खूण.

वॉरिकशरमध्ये घर घेतोय. सॉलिसिटर 'चॅन्सेल दुरुस्तीचा' विमा घ्या म्हणतो. चर्चच्या छपराशी आमचा काय संबंध?

संबंध असू शकतो. आपल्याकडच्या भाषेत नेव्ह म्हणजे सभामंडप, चॅन्सेल म्हणजे गाभारा. नेव्हची डागडुजी गावकऱ्यांकडे, चॅन्सेलची रेक्टरकडे, म्हणजे चर्चचं उत्पन्न घेणाऱ्याकडे, अशी जुनी वाटणी. कित्येक ठिकाणी हा रेक्टर म्हणजे एखादा मठच असे. म्हणूनच दोन भागांचं छप्पर, उंची, कधीकधी दगडही वेगळा दिसतो. 1530 च्या दशकात आठव्या हेन्रीने मठ मोडले. मठांकडे असलेल्या जमिनी खासगी मालकांकडे गेल्या, आणि जमिनीबरोबर चॅन्सेलचा खर्चही गेला. तुमच्याच काउंटीतल्या ॲस्टन कँटलो गावी हा वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, पोहोचला. 2003 मध्ये निकाल लागला आणि शेताच्या मालकांवर दुरुस्तीचा बोजा आला. 13 ऑक्टोबर 2013 नंतर नियम बदलला: हा बोजा जमिनीच्या नोंदणीत दाखवलेला नसेल, तर त्यानंतर पैसे मोजून घर घेणाऱ्याला तो सहसा लागू होत नाही. तरी आधी नोंदी तपासून घ्या. विमा तसा स्वस्त असतो.

अशी वास्तू मुंबईत पाहायला मिळेल का?

कुलाब्याचं अफगाण चर्च पाहा. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या या चर्चची पायाभरणी 1847 ची, प्रतिष्ठापना 1858 ची; कळस 1865 मध्ये पुरा झाला. आराखडा हेन्री कॉनिबेअरचा, शैली इंग्लंडच्या तेराव्या शतकाची. ती ठरवून एकच ठेवली आहे, त्यामुळे गोल कमानीच्या उत्तरात सांगितलेली, सांधे आणि खुणा शोधायची मजा तिथे मिळणार नाही.