दोन खटक्यांचा कमर्शियल ब्लेंडर, चौपट पैसे कशाचे?

प्रश्न असा की घरचा ब्लेंडर तीन वर्षांत दोनदा "जळाला", आता एक कमर्शियल बघून ठेवलाय, त्याला ना डिस्प्ले ना प्रोग्राम, नुसता चालू-बंदचा आणि हाय-लोचा खटका, आणि किंमत घरगुतीच्या चौपट. वापर रोज सकाळी दोन जार स्मूदी. तर ते पैसे वसूल होतील का.

मी सात वर्षं ज्यूसचा छोटा काउंटर चालवलाय, तेव्हा या मशिन्स आतून-बाहेरून बघून झाल्यात. आधी उलटा प्रश्न, जळाला म्हणजे नक्की काय झालं? कारण लोक तीन वेगवेगळ्या गोष्टींना जळाला म्हणतात. मोटर घुं करून फिरतेय पण पातं हलत नाही, तर कपलर गेलाय, म्हणजे जारच्या बुडाशी बसणारी ती दातेरी चकती, ती बऱ्याचदा मुद्दाम मऊ ठेवलेली असते, जाम झालं की आधी ती तुटावी आणि मोटर वाचावी म्हणून. मशीन मधेच बंद पडतं, टपली मारली की परत सुरू होतं, तर बहुतेक कार्बन झिजलेत, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या त्या छोट्या कांड्या. आणि खमंग नव्हे तर नाकात बसणारा वार्निशचा वास आला, धूर आला, तर मात्र वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तांब्याच्या तारेची गुंडाळी गेली, तिथे विषय संपला. पहिल्या दोन गोष्टी किरकोळ आहेत हो. मी स्वतः माझा पहिला ब्लेंडर कार्बन संपले होते म्हणून भंगारात दिला, अक्कल नंतर आली.

आता कमर्शियलमध्ये जास्त काय मिळतं? पाती जास्त धारदार असतात हा गैरसमज आहे, बऱ्याच चांगल्या मशीनची पाती बोट फिरवलं तरी बोथट लागतात (प्लग काढून बघा, नाहीतर माझ्या नावाने शंख कराल), काम करतो तो वेग. हॉर्सपॉवरच्या आकड्यालाही भुलू नका. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे खोक्यावर ३ लिहिलं असेल तर सव्वादोन हजार वॅट झाले, तेवढं ते क्षणभर खेचू शकतं, सतत नाही. मशीन उलटं करा, बुडाशी प्लेट असते, तिच्यावरचे वॅट खरे धरा, नुसते अँपिअर दिले असतील तर व्होल्टने गुणा, ढोबळ अंदाज येतो.

खरा फरक आहे तो विश्रांतीचा. घरगुतीच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात असतं की एक मिनिट चालवा, मग अमुक मिनिटं थांबा. ते कोणी वाचत नाही. कमर्शियलमध्ये तांबं जास्त, पंखा मोठा, हवा जायला वाट, दांडा ज्यात फिरतो त्या साध्या बुशच्या जागी बॉल बेअरिंग, कपलर बहुतेक धातूचा, त्यामुळे एका मागोमाग एक जार लावत राहिलात तरी तो दमत नाही, आणि फारच तापला तर ओव्हरलोड स्विच ट्रिप होतो, थंड झाला की परत चालू. शिवाय सगळं स्क्रूने बसवलेलं. माझ्या मशीनला दोन्ही बाजूंना काळ्या टोप्या होत्या, चपट्या स्क्रूड्रायव्हरने फिरवल्या की आतून स्प्रिंगसकट कार्बनची कांडी बाहेर यायची, पाच-सहा मिलिमीटर उरली की नवी घालायची, पंधरा मिनिटांचं काम. गिऱ्हाईक ताटकळत असताना मी ते केलंय. मुळात तुम्ही हे पैसे देताय मशीन उघडता येण्यासाठी आणि न थांबता चालण्यासाठी, स्मूदी जास्त छान होते म्हणून नाही.

आणि साधा आहे म्हणून नाक मुरडू नका. १९५२ साली अल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांनी विषाणूंची कवचं जीवाणूंवरून सोडवायला चक्क वॉरिंग कंपनीचा ब्लेंडर वापरला होता, आनुवंशिकतेचा माल डीएनएमध्ये असतो याला त्या प्रयोगाने मोठं बळ मिळालं. त्यालाही डिस्प्ले नव्हता. माझ्या अनुभवात सगळ्यात आधी मरतं ते टचपॅड, आणि त्याचं बोर्ड मिळता मिळत नाही, खटका कोणीही बदलून देतो.

पण आता तुमचा हिशोब करू. दोन जार, मिनिटभर एकेक, म्हणजे वर्षाला ७३० मिनिटं, जेमतेम बारा तास. माझ्या काउंटरवर रोज साठ-पासष्ट जार जायचे, म्हणजे तुमचं वर्षभराचं काम माझं मशीन अकरा-बारा दिवसांत उरकायचं. एवढ्या कमी कामाला घरगुती दोनदा जळतो म्हणजे दोष बहुतेक भरण्याच्या पद्धतीत आहे. गोठवलेली फळं तळाला, पातळ वरून दोन घोट, आणि बटण दाबून धरलेलं, असं होतंय का बघा. पातळ आधी घाला, मऊ मधे, गोठलेलं वर, सुरुवात लोवर. पात्याभोवती हवेचा पोकळ खड्डा पडून आवाज एकदम चढला तर माल फिरतच नाहीये, थांबवा, थोडं पातळ घाला.

तोटेही ऐका, कोणी सांगत नाही. आवाज भयंकर, पहाटे घरातले उठून बसतील. जार मोठा, एकाच ग्लासाचं करायला गेलात तर निम्मं भिंतीला चिकटतं. उंची इतकी की ओट्यावरच्या कपाटाखाली बसेलच असं नाही, मोजून घ्या. आणि वॉरंटी वाचा, कमर्शियल म्हणजे जास्त वर्षं असं नसतं, कित्येकदा कमीच असते, कारण दुकानात तो दिवसभर राबणार हे त्यांनी धरलेलं असतं.

म्हणून नुसत्या स्मूदीसाठी नवा, चौपट किमतीत? मी नाही घेणार. रोज बर्फ फोडायचा असेल, दाण्यांचं घट्ट लोणी करायचं असेल, तर घ्या, पण आधी विचारा की कार्बन, कपलर आणि जारचं बेअरिंग सुटं मिळतं का, नाही म्हणाले तर तिथूनच मागे फिरा.

वापरलेला चांगला मिळाला तर माझा सल्ला बदलतो. जार काढून मोटरचा दांडा बोटांनी हलवा, डगडगला तर सोडून द्या. जारमध्ये पाणी भरून मिनिटभर हायवर चालवा आणि बुडाला कोरडा कागद पुसा, ओला झाला तर सील गेलंय, ते बदलता येतं, भाव पाडायला उपयोगी. मग हवेच्या फटीतून आत बघा, बारीक निळ्या ठिणग्या चालतात, पण नारिंगी कडं पूर्ण गोल फिरताना दिसलं तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग संपत आलाय, फुकट दिला तरी नको.

त्याआधी तो जुना माळ्यावर असेल तर खाली काढा आणि कपलरचे दात बघा.