‘मॅडम, एका गाण्यावरून कुणी एवढं रडतं का?’

जुलै 2023 च्या शेवटी एक आई हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी आली. मुलगी दहावीला. शाळेतून आली की खोलीचं दार लावून घ्यायची, जेवायला हाक मारली की ‘भूक नाही’, क्लासला दांड्या. आईला आधी वाटलं, कुणी मुलगा असेल. खोदून खोदून विचारल्यावर कळलं की हे सगळं कोरियातल्या एका गायकाच्या नव्या गाण्यावरून चाललंय. मग तर तिचा धीरच सुटला. ‘बोर्डाचं वर्ष आहे आणि ही त्या कुठल्या माणसासाठी रडत बसलीय. तिचे बाबा म्हणतात, मोबाइल काढून घे, चार दिवसांत ताळ्यावर येईल. काढून घेऊ का?’

मला हा प्रश्न सारखा विचारला जातो. गायक बदलतो, घर बदलतं, पण आईबाबांच्या आवाजातली घाबरगुंडी तीच असते. म्हणून मायलेकींची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव लिहिते आहे. मुलीला इथे चिऊ म्हणू.

गाण्याबद्दल थोडं सांगायला हवं. बीटीएस हा दक्षिण कोरियातला सात मुलांचा गट. जंगकूक त्यातला सगळ्यात धाकटा. त्यांच्या चाहत्यांना ‘आर्मी’ म्हणतात. 2022 च्या जूनमध्ये गटाने एकत्र काम थोडं थांबवून एकेकट्याने गाणी करायचं ठरवलं. 14 जुलै 2023 ला जंगकूकचं ‘सेव्हन’ आलं. गाणं पूर्ण इंग्रजीत, सोबत लाटो ही अमेरिकन रॅपर. ते दोन रूपांत आलं : एक सोज्वळ, आणि दुसरं शरीरसंबंधांबद्दल उघडउघड बोलणारं. अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत ते थेट पहिल्या क्रमांकावर पोचलं. चाहत्यांमध्ये मात्र दोन तट पडले. एक गट म्हणत होता, तो पंचविशीचा पुरुष आहे, त्याने काय गावं ते त्याचं तो ठरवेल. दुसऱ्या गटाला ते शब्द त्याच्या तोंडी सहन होत नव्हते. आणखी काहींची तक्रार होती की तो कोरियन सोडून इंग्रजीत का गातोय.

चिऊ पहिल्या भेटीत खुर्चीच्या कडेवर बसली होती, दप्तर मांडीवर घट्ट धरून. ‘तुम्ही पण मला मूर्खच म्हणणार ना?’ हे तिचं पहिलं वाक्य. मी म्हटलं, मला ते गाणं माहीत नाही, तू सांग. तेव्हा ती दप्तर खाली ठेवून बोलायला लागली.

वर्गातल्या पाच मैत्रिणींचा व्हॉट्सॲपवर ग्रुप होता. सातवीत असताना, लॉकडाउनमध्ये, त्यांची मैत्रीच मुळी बीटीएसमुळे झाली होती. गाणं आलं त्या शुक्रवारी संध्याकाळी चौघींनी ग्रुपवर जल्लोष केला. चिऊने लिहिलं, ‘मला नाही आवडलं.’ ‘का?’ म्हणून विचारलं तर तिला सांगता येईना. मग ‘तू खरी आर्मी नाहीसच’, मग ‘तुला त्याचं यश बघवत नाही’, आणि रात्री तिला ग्रुपमधून काढूनच टाकलं. सोमवारी डब्याच्या सुट्टीत चौघी उठून दुसऱ्या बाकावर गेल्या.

आई ज्याला ‘गाण्यावरून रडणं’ म्हणत होती, त्यातलं निम्मं रडणं या बाकाचं होतं. पंधराव्या वर्षी एकटीने डबा खाणं म्हणजे काय, हे आपण मोठे झालो की विसरतो.

पण मैत्रिणींना कारण का सांगता आलं नाही? आणि आईला तरी का नाही सांगितलं? इथे चिऊ बराच वेळ गप्प बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘त्यात जे शब्द आहेत ना, ते आईला कळले तर ती मला त्यांचं काहीच ऐकू देणार नाही.’ तिने आधी ऐकलं होतं ते उघड शब्दांचं रूप. ते ऐकून तिला कसंतरीच झालं होतं. मैत्रिणींपुढे तसं म्हणावं तर ‘काकूबाई’ ठरण्याची भीती, आईपुढे म्हणावं तर सगळंच बंद होण्याची. दोन्हीकडून कोंडी. अशी कोंडी झालेली मुलं जेवण सोडतात, दार लावून घेतात, चिडतात. आईवडिलांना दिसतं ते एवढंच.

मी तिला कागदावर तीन वाक्यं लिहायला सांगितली. एक फक्त गाण्याबद्दल, एक फक्त त्याच्याबद्दल, एक फक्त स्वतःबद्दल. पहिली दोन तिने झटक्यात लिहिली : ‘चाल मस्त आहे, शब्द नकोत.’ ‘तो मला आवडतो, अजूनही.’ तिसऱ्यापाशी पेन अडलं. दोनदा लिहून खोडलं. शेवटी लिहिलं, ‘तो मोठा झाला, मी नाही.’

बोलता बोलता उलगडत गेलं. जंगकूकचा जन्म सप्टेंबर 1997 चा. बीटीएसचं पहिलं गाणं जून 2013 मध्ये आलं, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता, माझ्याकडे आली तेव्हा चिऊ होती तेवढाच. चिऊ त्यांना ऐकायला लागली ती जुन्या व्हिडिओंपासून. सरावाच्या खोलीत घाम पुसणारा, मोठ्या मुलांसमोर लाजणारा, स्टेजवर रडणारा तो मुलगा तिने शेकडो वेळा पाहिला होता. तिच्या मोबाइलमध्ये तो तिच्याच वयाचा राहिला होता. नव्या गाण्याने त्याला एका झटक्यात दहा वर्षं पुढे नेलं आणि ही मागे राहिली. बरोबरीचा दादा अचानक लग्न करून परगावी जावा, तसं तिला झालं होतं.

पडद्यावरच्या माणसाशी जुळणाऱ्या या एकतर्फी नात्याचा अभ्यास नवा नाही. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1956 मध्येच त्यावर लिहिलं, टीव्ही नुकता घरोघरी शिरत होता तेव्हा. आज तर गायक स्वतःच्या खोलीतून तासन्‌तास लाइव्ह येतात. जून 2023 मध्ये जंगकूक असाच लाइव्ह बोलता बोलता झोपी गेला आणि लाखो लोक त्याला झोपलेला बघत राहिले. इतक्या जवळून पाहिलेला माणूस मुलांना आपला वाटला, तर त्यात आजार काही नाही. पौगंडावस्थेत घराबाहेरची अशी नाती मुलं शोधतातच. त्या नात्यात आलेली निराशाही खरीच असते.

मैत्रिणींचं कोडं तिला जास्त छळत होतं. ‘एका गाण्यासाठी त्या मला कशा काय सोडू शकतात?’ तिला मी हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग सांगितला. 1970 च्या सुमाराला त्याने इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या शाळेतली चौदा-पंधरा वर्षांची मुलं घेतली. त्यांना चित्रं दाखवली आणि सांगितलं, तुमच्या आवडीवरून तुमच्यातले काही क्ले या चित्रकाराच्या गटात, काही कँडिन्स्कीच्या गटात. खरं तर ही वाटणी कशीही केलेली होती. आपल्या गटात कोण कोण आहे हेसुद्धा मुलांना ठाऊक नव्हतं. तरी दुसऱ्यांना पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण समोरच्यांहून जास्त मिळायला हवं, असाही कल दिसला. चिऊ ऐकत राहिली आणि म्हणाली, ‘म्हणजे त्या चित्रांचं त्यांना काहीच पडलं नव्हतं?’ फारसं नाही, मी म्हटलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली. पुढच्या वेळी तिने स्वतःच सांगितलं, की आदल्या वर्षी एका मुलीला ‘तुला सातही जण आवडत नाहीत’ म्हणून ग्रुपबाहेर काढलं, तेव्हा हिनेही अंगठ्याचं चिन्ह पाठवून होकार दिला होता.

आईशी वेगळं बोलले. ‘आमच्या वेळी नव्हतं बाई असं,’ ती म्हणाली. मी तिला संगीत नाटकांतल्या बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या चाहत्यांची आठवण करून दिली. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी दोघं ‘संयुक्त मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले, तरी बाजी कोणी मारली यावर लोक वाद घालत राहिले. ते चाहते तर संसारी, मिशा फुटलेले लोक होते.

मोबाइलबद्दल मी स्पष्ट सांगितलं : शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. तिने तुम्हाला निम्मी गोष्ट सांगितली आहे. मोबाइल गेला तर उरलेली निम्मी कधीच सांगणार नाही. रात्री सगळ्यांचे मोबाइल बाहेरच्या खोलीत, हा नियम हवा तर करा, पण तो तुम्हालाही लागू. आणि ‘तो काय तुला ओळखतो का?’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. तो ओळखत नाही हे तिला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

शब्दांचा विषय चिऊनेच आईसमोर काढायचं ठरवलं, माझ्या खोलीत, मी बाजूला असताना. आईचा चेहरा लाल झाला, हे मी लपवत नाही. पण तिने आवाज चढवला नाही. ‘तुला ते खटकलं, हे मला सांगितलंस ते बरं केलंस,’ एवढंच म्हणाली. मला तिचं फार कौतुक वाटलं. मग सोज्वळ रूप दोघींनी मिळून ऐकलं. आईला चाल आवडली नाही, आणि चिऊने तिच्याशी तावातावाने वाद घातला.

काळजी कधी करायची, हेही सांगते. मूल दोन आठवड्यांहून जास्त काळ नीट जेवत-झोपत नसेल, शाळेत जायलाच नको म्हणत असेल, चाहत्यांच्या भांडणात कुणी त्याला धमकावत असेल, किंवा ‘जगून काय उपयोग’ असं काही बोलत असेल, तर ‘होईल आपोआप बरं’ म्हणून थांबू नका. समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 वर दिवसरात्र चालते, तिथे मराठीतही बोलता येतं.

चौघींपैकी दोघी पुढे चिऊशी बोलायला लागल्या. एक नाही बोलली, आणि चौथीचं नाव चिऊ काढत नाही. आदल्या वर्षी काढून टाकलेल्या त्या मुलीला मात्र तिने आपणहून गाठून माफी मागितली. डिसेंबरात जंगकूक सक्तीच्या लष्करी सेवेत दाखल झाला, तेव्हा आईचा घाईघाईने फोन आला : ‘आता पुन्हा रडेल हो ती, काय करू?’ मी म्हटलं, तिलाच विचारा. रात्री आईचा मेसेज आला : ‘विचारलं. म्हणाली, आज थोडं रडणार आहे, उद्यापासून भूमिती.’